सकाळचे पहिले तीन सेकंद : टायमिंग चेनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंजिन ऑइलवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त टायमिंग चेनबद्दलचे निघाले, म्हणून या वेळी क्लच आणि ब्रेकचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात घेतो. नागपूरला हिंगणा रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्येही यंदा हिवाळा लागल्यापासून हेच काम जास्त येऊन राहिलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या गाड्या आता दीड-दोन लाख किमीच्या पुढे गेल्या, त्यांचं हे वयच आहे.

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडे २०१३ ची डिझेल सेडान आहे, १.३ लिटरचं इंजिन, १ लाख ८७ हजार किमी झाले. तीन वर्षांपासून वर्ध्याला शाळेत आहे, मनीषनगरहून रोज जाणं-येणं करतो. दिवाळीपासून सकाळी सेल्फ मारला की समोरून, ड्रायव्हर साइडच्या चाकाकडून खर्रर्र असा आवाज येतो, तीन-चार सेकंद, मग एकदम बंद. दिवसभर काहीच नाही. एक मिस्त्री म्हणतो चेन लाइफटाइम असते, ऑइल बदला आणि विसरून जा. दुसरा म्हणतो पूर्ण इंजिन खोलावं लागेल. कोणाचं ऐकू?
– एक शिक्षक, मनीषनगर

उत्तर : सर, दोघांचंही ऐकू नका. तुम्ही आवाज इतका नीट लिहून पाठवलाय की अर्धं निदान तुम्हीच केलंय.

आधी आत काय होतं ते सांगतो. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, वर कॅम फिरतो, म्हणजे वॉल्व उघडणारा दांडा, क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हायला पाहिजे, ना जास्त ना कमी, आणि हा हिशोब सांभाळते ती टायमिंग चेन. चेन ढिली पडू नये म्हणून तिला एका बाजूने दाबून धरणारा टेन्शनर असतो आणि ती घासत घासत जाते त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यांना आपण गाइड म्हणतो. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल उतरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातं, सकाळी सेल्फ मारला की ऑइल वर पोचायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढा वेळ टेन्शनरच्या मागे जोर नसतो. चेन नवी असेल तर त्या दोन सेकंदांत काही कळत नाही. चेन झिजलेली असेल तर ती तेवढ्या वेळात गाइडवर आणि कव्हरवर आपटते, तो तुमचा खर्रर्र. ऑइल पोचलं की टेन्शनर दाबतो आणि आवाज गायब. म्हणून दुपारी गॅरेजमध्ये गाडी नेली की मिस्त्री म्हणतो काहीच नाही आहे, आणि तोही खोटं बोलत नसतो, गरम इंजिनमध्ये खरंच काही ऐकू येत नाही. गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी त्यालाच पहिला सेल्फ मारू द्या.

चेन लांबली असं आपण म्हणतो पण ती रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती पिन आणि तिच्याभोवतीचं भोक झिजतं. समजा एकेका जोडाची झीज एक मिलिमीटरचे दोन शतांश, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही, पण अशा १४० कड्या असल्या की सगळी मिळून चेन २.८ मिलिमीटर लांब झाली. डिझेल गाडीत ही झीज लवकर होते कारण जळाल्यावर जी काजळी होते ती ऑइलमध्ये मिसळते, आणि ऑइल बदलायला उशीर केला की तेच काळं ऑइल पिनांना पॉलिश पेपरसारखं घासत बसतं. चेनचं आयुष्य किलोमीटरवर जेवढं ठरतं त्याहून जास्त ऑइलवर ठरतं, हे मी गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हात जोडून सांगतो आहे. एकाच साली घेतलेल्या, एकाच इंजिनच्या दोन गाड्या माझ्याकडे येतात, एकीची चेन अडीच लाखावर ठणठणीत आणि दुसरीची सव्वा लाखावर गेलेली, आणि सर्व्हिस बुक उघडलं की कारण तिथेच लिहिलेलं असतं.

आता तुमच्या गाडीत ती चेनच आहे कशावरून, तर एक सोपी तपासणी मिस्त्रीकडून करून घ्या. थंड इंजिनवर बाहेरचा फॅन बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा बेल्ट, काढून गाडी फक्त दहा-पंधरा सेकंद चालू करायची. आवाज गेला तर दोष बाहेरच्या बेअरिंगमध्ये किंवा पुलीत आहे, स्वस्तात सुटलात. तसाच राहिला तर तो आतला आहे. मग टायमिंग कव्हरवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावली की आपटणं सरळ कानात ऐकू येतं.

चेनच निघाली तर दुखणं अंगावर काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. गेल्या उन्हाळ्यात उमरेड रोडकडचे एक गृहस्थ आले होते, आठ महिन्यांपासून असाच आवाज, गरम झाल्यावर जातो ना मग चालू द्या असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. बुटीबोरीजवळ गाडी चालता चालता बंद पडली. आम्ही उघडलं तर गाइडचे दोन तुकडे, चेन दोन दात सरकलेली, रॉकर तुटलेले आणि वॉल्व पिस्टनला लागून वाकलेले. चेंबर काढला तर ऑइल पंपाच्या जाळीत प्लास्टिकचे तपकिरी खडे अडकून बसलेले, म्हणजे आणखी काही दिवस गाडी चालली असती तर ऑइल बंद होऊन क्रँकही गेला असता. तो गाइड मी टेबलवर ठेवलाय. नवा असताना पिवळट पांढरा असतो, हा उन्हात पडलेल्या भाकरीसारखा करपलेला, कडक, आणि चेनने त्यात दोन चर पाडलेत, अंगठ्याचं नख अर्धं आत जातं एवढे. कोणी म्हणालं की चालेल हो अजून, की तो मी हातात देतो. चेन किटचा खर्च एका बाजूला आणि त्या गृहस्थांचं हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम दुसऱ्या बाजूला, तिप्पट पैसे गेले त्यांचे, आणि गाडी वीस दिवस उभी राहिली ती वेगळी.

पूर्ण इंजिन खोलावं लागेल हे मात्र खरं नाही. हेड उतरत नाही. उजव्या चाकाकडून काम होतं, एका बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो आधार, सोडायचं, पुली काढायची, खालचा चेंबर उतरवायचा, टायमिंग कव्हर काढायचं. हात बसलेला माणूस असेल तर दोन दिवस धरा. या इंजिनला क्रँक आणि कॅम पिन लावून लॉक करायचं टूल येतं, ते तुमच्या मिस्त्रीकडे आहे का हे आधी विचारा. मार्करने खुणा करतो, चालते तसंच, असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

आणि फक्त चेन बदलू नका. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दोन्ही गराऱ्या, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, क्रँकचं समोरचं सील, नवं ऑइल, नवा फिल्टर, हे सगळं एकदम. जुन्या गरारीचे दात जुन्या चेनच्या मापाने घासलेले असतात, त्यावर नवी चेन चढवली की ती पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी बसते आणि लवकर जाते. मजुरी तर तेवढीच लागणार आहे, कव्हर एकदाच उघडायचं आहे, मग हजार-दोन हजारासाठी जुनी गरारी कशाला ठेवता. बिल पार्टवार मागा, पार्ट नंबर आणि एमआरपीचं लेबल असलेले नव्या पार्टचे डबे आणि काढलेले जुने पार्ट दोन्ही ताब्यात घ्या. हेच १.३ चं मूळ फियाट मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, झेस्ट इतक्या गाड्यांत आलं की पार्टसाठी अडायचं कारण नाही. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी किट सहज मिळतं. इंजिन दणकट आहे सर, चेन केली आणि ऑइल वेळेवर बदललं तर अजून लाखभर किमी आरामात जाल. तोपर्यंत वर्ध्याला बसने जा आणि समृद्धीवर तर मुळीच काढू नका, तिथे तासाला १२० ची परवानगी आहे म्हणून लोक दाबून चालवतात, झिजलेल्या चेनला तो वेग सोसत नाही.

प्रश्न : भाऊ, माझी गाडी एअरपोर्टले टॅक्सीत चालते, १.२ पेट्रोल, २ लाख ४० हजार झाले. चेक इंजिनचा लाइट लागून रायला. स्कॅनरवाल्यानं पी००१६ कोड सांगतला आन् कॅम सेन्सर बदलून देल्ला. दोन दिवसांनी लाइट परत. आता म्हणते क्रँक सेन्सर बी बदला. पैसे जाऊन रायले, का करू?
– एक टॅक्सीचालक, वाडी

उत्तर : भाऊ, क्रँक सेन्सरचे पैसे देऊ नका. पी००१६ म्हणजे सेन्सर खराब, असा अर्थच नाही. क्रँक कुठे आहे आणि कॅम कुठे आहे हे दोन सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात, कॉम्प्युटर दोघांचा मेळ पाहतो, आणि तो मेळ बसत नाही अशी तक्रार म्हणजे हा कोड. सेन्सरच गेला असता तर सहसा पी०३३५ किंवा पी०३४० असा कोड दिसला असता. बिचारे सेन्सर खरं सांगून राहिले आहेत की चेन लांबल्यामुळे कॅम मागे पडतो, आणि आपण त्यांनाच बदलतो.

तरी चेनवर जायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या इंजिनला व्हीव्हीटी, म्हणजे वॉल्व उघडायची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, असेल तर त्याच्या ऑइल कंट्रोल वॉल्वला बारीक जाळी असते, ती गाळाने बंद झाली तरी हाच कोड येतो, वॉल्व काढून साफ करायला फार वेळ लागत नाही. ऑइल किती आहे तेही काडी काढून पहा. ते करूनही लाइट परत आला आणि सकाळी खडखड पण असेल, तर चेन किटच, आणि व्हीव्हीटीची गरारी त्याच वेळी तपासायला सांगा.

आणि टॅक्सीवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. मे महिन्यात एअरपोर्टबाहेर एसी लावून तुम्ही तीन-तीन तास गाडी चालू ठेवता, ४५-४६ डिग्रीत दुसरं करणार तरी काय, मी दोष देत नाही. पण मीटर थांबलेला असतो आणि इंजिन थांबलेलं नसतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तरी तासाला ४८ हजार, तीन तासांत १ लाख ४४ हजार फेऱ्या, आणि ओडोमीटरवर शून्य किमी. पुस्तकात १० हजारावर ऑइल लिहिलंय म्हणून तुम्ही १० हजारावर बदलता, पण तुमच्या इंजिनने तोपर्यंत १५ हजाराचं काम केलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्यांचं ऑइल मी ७ हजारावर बदलतो, त्यांना आधी महाग वाटलं, आता कोणी तक्रार करत नाही.

प्रश्न : चेनचा आवाज दाबायला २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलं तर चालेल का? एका ऑइलच्या दुकानात सांगितलं की नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकतच नाही.
– नंदनवन

उत्तर : नका टाकू. आवाज सकाळच्या थंड सुरुवातीला येतो, आणि जाड ऑइल नेमकं तेव्हाच वर चढायला जास्त वेळ घेतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० च्या खाली जातो, अशा सकाळी टेन्शनर आणखी उशिरा भरणार आणि चेन आणखी वेळ आपटणार. गाडी गरम झाल्यावर जाड ऑइलने थोडं शांत वाटेल, तेवढंच. उन्हाचं म्हणाल तर बाहेर ४६ असो की २६, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक असले की इंजिनचं पाणी ९०च्या आसपासच राहतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच टाका.

प्रश्न : माझी २.५ इनोव्हा ३ लाख किमीला आली. टायमिंग चेन कधी बदलायची? अजून एकदाही आवाज नाही.
– कामठी रोड

उत्तर : दादा, तुमच्या इंजिनला टायमिंग चेन नाहीच, बेल्ट आहे. चेन क्रिस्टाच्या २.४ इंजिनमध्ये आली. चेन निदान वाजून सांगते, बेल्ट न सांगता तुटतो, आणि या इंजिनमध्ये तुटला की वॉल्व वाकणारच. आवाज नाही म्हणून निश्चिंत राहू नका. ३ लाखांत तो कधी बदलला याचं बिल सापडलं तर त्या तारखेपासून मॅन्युअलप्रमाणे किमी मोजा, बिलच सापडत नसेल तर याच आठवड्यात बेल्ट आणि त्याचा टेन्शनर दोन्ही बदलून घ्या.

प्रश्न : बाबांची गाडी आहे, पेट्रोल हॅचबॅक, ११ वर्षं जुनी पण फक्त ३८ हजार किमी. बाबा आता फक्त भाजी आणायला आणि देवळात जायला काढतात. तिलाही सकाळी खडखड सुरू झाली. एवढ्या कमी किमीला चेन कशी जाईल? फसवून तर नाही राहिले ना?
– धरमपेठमधून एक ताई

उत्तर : ताई, शंका बरोबर आहे, पण कोणी फसवत असेलच असं नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं ते बाबांना विचारा. अशा गाड्यांत मला नेहमी हेच सापडतं की १० हजार झालेच नाहीत म्हणून ऑइल तीन-तीन वर्षं तेच. पुस्तकात १० हजार किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं, जे आधी होईल ते, आणि आपण पहिला आकडा वाचून थांबतो. धरमपेठेतून ट्रॅफिक पार्कपर्यंत जाऊन परत आलं की इंजिन नीट गरमही होत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते, ऑइल खराब होतं आणि गाळ धरतो.

तुमच्या बाबतीत मी लगेच चेन उघडणार नाही. आधी योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगल्या कंपनीचा फिल्टर घाला. फिल्टरचं मुद्दाम सांगतो कारण त्याच्या आत एक रबरी झडप असते, गाडी बंद केल्यावर ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून, स्वस्त फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नीट बसतच नाही, आणि मग चेन चांगली असूनही सकाळी आवाज येतो. हे करून आठवडाभर ऐका. गेला तर उत्तम, हजार किमीनंतर ऑइल परत एकदा बदला म्हणजे सुटलेला गाळ निघून जाईल. नाही गेला तर टेन्शनरकडे बघायला लागेल, काही इंजिनमध्ये तो बाहेरूनच निघतो, कव्हर उघडायची गरज नाही. बाबांना एवढंच सांगा की पंधरा दिवसांतून एकदा कोराडीच्या देवीला जाऊन यायचं, जाता-येता इंजिन पुरतं गरम होतं.

प्रश्न : सर, मी आयटीआय करून एका गॅरेजला लागलो आहे. पहिल्यांदा एकट्याने चेन किट बसवलं. चेनच्या रंगीत कड्या गराऱ्यांच्या खुणांवर बरोबर लावल्या, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवला, तर रंगीत कड्या खुणांपासून कुठच्या कुठे गेल्या. परत खोललं, परत लावलं, परत तेच. दोन वेळा झालं. उस्ताद रागावले. माझं काय चुकलं?
– कामठी

उत्तर : बेटा, काहीच चुकलं नाही, पहिल्यांदाही बरोबर बसलं होतं. ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही म्हणून नवी पोरं रडकुंडीला येतात.

कागद घेऊन मांड. समज क्रँकच्या गरारीला २० दात, कॅमच्या गरारीला ४०, आणि चेनला १३० कड्या. क्रँक दोन फेऱ्या फिरला म्हणजे कॅम एक फेरी फिरला, चेन ४० कड्या पुढे गेली. गराऱ्यांवरच्या खुणा परत जागेवर आल्या, पण चेन १३० ची आहे, ती आपली पूर्ण फेरी कशी करणार ४० मध्ये? रंगीत कडी परत खुणेवर यायला ४० ने आणि १३० ने दोन्हीने भाग जाईल असा आकडा पाहिजे, तो ५२०. म्हणजे क्रँकच्या २६ फेऱ्या. तुझ्या इंजिनचे दात आणि कड्या मोजून हाच हिशोब कर, आकडा वेगळा येईल पण दोन फेऱ्यांत रंगीत कडी परत येणार नाही हे नक्की. रंगीत कड्या फक्त चेन चढवताना कामाच्या. दोन फेऱ्यांनंतर बघायचं ते गराऱ्यांवरच्या खुणा, कव्हरची किंवा ब्लॉकची खूण, आणि लॉकिंग पिन अलगद आत जाते का. पिन हाताने गेली तर टायमिंग बरोबर, हातोडीने घालावी लागली तर चूक.

आता पुढचं काम घाई न करता कर. नवा टेन्शनर दाबून ठेवणारी पिन काढली ना हे परत बघ, ती तशीच राहिलेली गाडी माझ्याकडे आली आहे. क्रँक नेहमी चालतो त्याच दिशेने फिरव, उलटा फिरवलास तर चेनचा ढिला भाग भलत्या बाजूला येतो आणि दात सरकू शकतो. कव्हर लावताना गॅसकेट मेकर, म्हणजे सांधा बंद करायची पेस्ट, पातळ लाव, तीन मिलिमीटरची एक सलग रेघ पुष्कळ झाली, जास्त लावलास तर दाबल्यावर आत जो लगदा निघतो तो सुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. चेंबर उतरवलाच आहेस तर ती जाळी धुऊन, उजेडात धरून बघ. पुलीचा बोल्ट नवा घाल आणि ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, टॉर्क रेंच, वापर, गॅरेजमध्ये नसेल तर उस्तादांना मागायला लाजू नकोस. सगळं झालं, ऑइल भरलं, की लगेच स्टार्ट करू नको, इंजेक्टरचं कनेक्शन काढून दोन-तीन वेळा पाच-पाच सेकंद सेल्फ मार म्हणजे ऑइल वर चढून टेन्शनर भरेल. मग कनेक्शन लाव आणि स्टार्ट कर. पहिले दोन सेकंद थोडा आवाज येईल, घाबरू नको. गाडी रात्रभर तिथेच उभी ठेव आणि सकाळी उस्तादांना बाजूला उभं करून तूच सेल्फ मार.